गाडी सोडून जाऊ नका

दक्षिण ऑस्ट्रेलियात काती थांडा–लेक आयर हे प्रचंड मोठं खारं सरोवर आहे. नकाशावर ते निळं दिसतं, प्रत्यक्षात बहुतेक वर्षं तिथे पांढऱ्या मिठाचा कोरडा पसारा असतो. डिसेंबर १९९८ मध्ये, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, ऑस्ट्रियाहून आलेले दोन तरुण पर्यटक, एक स्त्री आणि एक पुरुष, भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन सरोवराकाठच्या हॅलिगन बे या जागी पोहोचले. तिथे गाडी वाळूत रुतली. जवळची वस्ती विल्यम क्रीक, तीही साठेक किलोमीटरवर. वाट पाहूनही कुणी फिरकलं नाही, तेव्हा दोघं पायी निघाली. तो वाटेत थकला, माघारी गाडीकडे गेला आणि वाचला. ती पुढे चालत राहिली. सुमारे तीस किलोमीटर चालल्यावर उन्हाने तिचा जीव घेतला. ज्या मुक्कामावरून ती निघाली होती तिथे पाण्याची टाकी होती. आणि नंतर पोलिसांनी जाऊन चाकांतली हवा कमी केली, वाळू उपसली, तेव्हा ती रुतलेली गाडी थोड्याच वेळात बाहेर निघाली.

निर्जन मुलखात एकट्याने गाडी घालण्याचे धोके विचारले की लोक दरी, साप, मगरी, लुटारू अशी नावं घेतात. पण आजवरच्या घटनांचे तपशील पाहत गेलं तर वेगळंच दिसतं. माणसं दगावतात ती किरकोळ बिघाडाने. रुतलेलं चाक, संपलेलं पेट्रोल, फुटलेला टायर, चुकलेलं वळण. पुणे-नाशिक रस्त्यावर यातलं काहीही झालं तर पंधरा मिनिटांत कुणीतरी थांबतं, टोचन लावतं, पंक्चरवाल्याचा नंबर देतं. जिथे आठवड्यात एखादीच गाडी जाते तिथे हाच बिघाड जिवावर बेततो. बिघाड तोच असतो, आजूबाजूची माणसं तेवढी नसतात.

वाळूचंच घेऊ. डांबरी रस्त्यावर आपण चाकांत ३०–३५ पीएसआय हवा ठेवतो. एवढ्या फुगलेल्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग लहान असतो, गाडीचं सगळं वजन त्या लहानशा जागेवर येतं आणि चाक वाळूत खाली जातं. हवा १६–१८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि वजन पसरतं. उंटाचा रुंद, मऊ तळवा वाळूवर जे काम करतो तेच हे. हवा काढल्यावर वेग कमी ठेवावा लागतो आणि वळण अलगद घ्यावं लागतं, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. कठीण रस्ता लागला की हवा पुन्हा भरावी लागते. म्हणजे गाडीत छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं गेज हवंच. हे दोन्ही एका पिशवीत मावतं, पण नव्याने घेतलेल्या चकचकीत फोर बाय फोर गाड्यांत ते अनेकदा नसतं.

गाडी रुतायला लागली की एकट्या चालकाची पहिली अडचण अशी की त्याला चाक दिसत नाही. गाडी अडली असं वाटताच पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जागच्या जागी फिरतं, स्वतःच खड्डा खणतं आणि काही सेकंदांत गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग चाकांखाली आधारच उरत नाही. बाहेर कुणी उभं असतं तर ओरडून थांबवलं असतं. पहिल्या क्षणी पाय उचलला, खाली उतरून हवा कमी केली, चाकांपुढची वाळू फावड्याने काढली आणि आल्या वाटेने मागे घेतली तर बहुतेक गाड्या निघतात. पोट टेकलं की मात्र दोन-चार तासांची खणाखणी असते. ती खणाखणी भर दुपारी करणं हीच दुसरी चूक. सावलीत बसून ऊन उतरू द्यावं आणि संध्याकाळी किंवा पहाटे खणावं.

मिठाची सरोवरं आणि चिखलाचे सपाट पट्टे वाळूहून वाईट. वरचा थर कोरडा, कडक दिसतो, त्याच्यावरून माणूस चालतोही. दोन टनांची गाडी गेली की थर फुटतो आणि खाली ओला, चिकट चिखल निघतो. कच्छच्या रणातही पाऊस ओसरल्यावर कित्येक आठवडे अशीच स्थिती असते. स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय तिथे नवी चाकोरी पाडू नये.

दुसरी गाडी सोबत असली की यातल्या बहुतेक संकटांचा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो, आणि ती फक्त ओढून काढते म्हणून नव्हे. दुसऱ्या गाडीत दुसरं डोकं असतं. ओढा पार करावा का, अंधार पडतोय तर थांबावं का, ही पायवाट खरंच रस्ता आहे का, असे प्रश्न एकटा माणूस स्वतःलाच विचारतो आणि स्वतःला हवं तेच उत्तर देतो. सोबतीला विचारावं लागलं की निदान थांबावं लागतं.

गाडी काढण्याचं सामानही एकट्याच्या हाती धोकादायक ठरतं. वाळूत जॅक लावला तर तो खचतो, कलतो. खाली फळी न ठेवता, चाकांना अडण न लावता गाडीखाली हात घालणाऱ्याचा हात अडकला तर सोडवायला कुणी नसतं. ताणला जाणारा जाड पट्टा लावून एक गाडी दुसरीला झटक्याने ओढते, तेव्हा तो पट्टा कधीही मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवू नये. तो गोळा झटक्याच्या जोरासाठी बनवलेला नसतो. तुटला तर प्रचंड वेगाने काचेतून आत येतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेली आहेत. कुणी अनोळखी भला माणूस मदतीला आला तरी हे एवढं त्याला ठामपणे सांगावं.

एका धोक्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात स्पिनिफेक्स नावाचं टोकदार, राळ असलेलं गवत सगळीकडे असतं. वाटेच्या मधोमध ते कमरेएवढं वाढतं. गाडी तासन् तास त्याच्यावरून जाते, त्याच्या काड्या आणि बिया खाली सायलेन्सरच्या तापलेल्या नळीजवळ साठतात आणि पेट घेतात. हॉल्स क्रीक ते विलुना या सुमारे १८५० किलोमीटरच्या कॅनिंग स्टॉक रूटवर अशा जळालेल्या गाड्यांचे सांगाडे दिसतात. गाडी जळाली की तिच्यातलं पाणी, अन्न, रेडिओ, सावली सगळं पाच-दहा मिनिटांत जातं. म्हणून जाणते प्रवासी अधूनमधून थांबून गाडीखाली वाकून गवत काढतात आणि थोडं पाणी, फोन, औषधं अशी एक पिशवी दाराशी हाताला लागेल अशी ठेवतात. गॅरेजमध्ये गाडी कितीही तपासून घेतली तरी ही काळजी वाटेतच घ्यावी लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गाडी बंद पडली, कुणी येत नाही. अशा वेळी काय करावं याचं उत्तर वाळवंटातला प्रत्येक पोलीस, प्रत्येक जुना ट्रकवाला एकच देतो: गाडी सोडू नका. तरी माणसं सोडतात.

डिसेंबर १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी या गावातलं पाच जणांचं एक इंग्रज कुटुंब बर्ड्‌सव्हिल ट्रॅकवरून उत्तरेकडे निघालं. वाट चुकली, पेट्रोल संपलं. पाणी दोन दिवसांपुरतं आहे अशी चिठ्ठी गाडीवर ठेवून ते पायी निघाले आणि ऐन नाताळच्या दिवसांत पाचही जण उन्हाने व तहानेने गेले. तो रस्ता आज बराच सुधारला आहे, पण त्या भागात ही हकिकत अजून सांगितली जाते आणि सांगितली जावी.

गाडी सोडायची नाही याची कारणं साधी आहेत. गाडी मोठी असते, रंगीत असते, तिच्या काचा चमकतात. शोधणाऱ्या विमानाला ती कित्येक किलोमीटरवरून दिसते. झुडपांत चाललेला माणूस शंभर मीटर वरून गेलेल्या विमानालाही दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅरून हिल अभयारण्याच्या परिसरात एकटी फिरणारी २६ वर्षांची जर्मन तरुणी बेपत्ता झाली. तिची व्हॅन रुतली होती. डोक्याला मार लागून गोंधळलेल्या अवस्थेत ती व्हॅन सोडून निघाली. शोधपथकाला व्हॅन आधी सापडली. ती मात्र तिथून सुमारे २४ किलोमीटरवर, दुसऱ्या दिवशी, रस्त्याने जाणाऱ्या एका शेतकरी स्त्रीच्या नजरेस पडली. अकरा रात्री तिने उघड्यावर काढल्या होत्या. डबक्यांतलं पाणी पिऊन ती तगली, कारण तिथे तेव्हा हिवाळा होता. हेच डिसेंबरात झालं असतं तर तिची हकिकत वेगळी लिहावी लागली असती.

चालत निघालेला माणूस सरळ चालतोच असंही नाही. आपल्या गावांकडे चकवा लागल्याच्या गोष्टी सांगतात: रात्रभर चाललेला माणूस पहाटे त्याच माळावर असतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं. जर्मनीतलं जंगल आणि ट्युनिशियातलं सहारा वाळवंट अशा दोन ठिकाणी त्यांनी लोकांना सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांची वाट नोंदवली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले, चंद्र मावळला की ते वळत गेले आणि आपलीच वाट ओलांडू लागले. आपण गोल फिरतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

आणि पाणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर बारकाईने अभ्यास केला. दिवसाचं तापमान ४९ अंशांच्या आसपास जात असेल आणि पाणी अजिबात नसेल तर सावलीत स्वस्थ पडून राहिलेला माणूसही साधारण दोनच दिवस काढतो, असा त्यांचा हिशेब होता. उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, म्हणजे त्याची मुदत आणखी कमी. त्यांनी आणखी एक गैरसमज मोडला. पाणी घोट-घोट पुरवून प्यायल्याने घाम कमी होत नाही. शरीर थंड राहण्यासाठी जेवढा घाम लागतो तेवढा जातोच. वाचवायचा असतो तो घाम: सावलीत पडून राहावं, अंगावर सैल कपडे ठेवावेत, हालचाल रात्री करावी. पाणी तहान लागेल तसं प्यावं. बाटलीत पाणी शिल्लक असताना माणूस उष्माघाताने मेल्याची उदाहरणं आहेत. आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या निर्जन अंतर्भागात, मुरलेले अनेक जण माणशी दिवसाला दहा लिटरच्या हिशेबाने पाणी घेतात आणि ते एकाच मोठ्या टाकीत न ठेवता चार-पाच कॅनमध्ये विभागतात, म्हणजे एक फुटला तरी सगळं जात नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं सरकार तर सिम्पसन वाळवंटातले रस्ते दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात चक्क बंदच ठेवतं. अकराशेहून अधिक समांतर टेकाडांचं हे वाळवंट, मधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या पट्ट्यात पेट्रोल नाही, त्यात हे ऊन. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

हे सगळं ठाऊक असूनही माणूस चालायला का लागतो? माझ्या मते, वाट पाहणं हे चालण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं म्हणून. काहीतरी करत राहिलं की धीर येतो. एकट्याला तर समजावणारंही कुणी नसतं. पण सर्वांत मोठं कारण आणखी वेगळं आहे. आपण इथे आहोत हे कुणालाच माहीत नाही, ही जाणीव माणसाला गाडीपाशी बसू देत नाही. ज्याला खात्री असते की उद्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर भाऊ पोलिसांना कळवणार आहे, तो सावलीत पडून राहू शकतो.

मोबाइलच्या भरवशावर ही खात्री मिळत नाही. ऑस्ट्रेलियात मुख्य रस्त्यापासून थोडं आत गेलं की रेंज जाते. नकाशाचं ॲपही दगा देतं. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला, कारण ॲपलच्या नकाशात मिल्ड्युरा हे शहर मूळ जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलं जात होतं. काही वाहनचालक तिथे जाऊन अडकले, काहींना २४ तासांपर्यंत अन्नपाण्याविना राहावं लागलं. आपल्याकडेही जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशाचं ॲप पाहत निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालक बुडून मरण पावला. ॲपला रस्ता माहीत असतो, रस्त्यावर पाणी आलंय हे माहीत नसतं. गावातल्या माणसाला ते माहीत असतं. उतरून विचारायला संकोच वाटू देऊ नये.

रेंज नसलेल्या मुलखात खरा आधार आहे तो खिशात मावणाऱ्या पीएलबी या संकटसूचक उपकरणाचा. बटण दाबलं की ते ४०६ मेगाहर्ट्‌झवर संदेश पाठवतं, कोस्पास-सार्सात या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह तो पकडतात आणि बचावकेंद्राला जागा कळते. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून ही व्यवस्था उभी केली आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिल्यांदा जीव वाचले. राजकारणाने एवढं तरी चांगलं काम केलं याचं मला आजही कौतुक वाटतं. ऑस्ट्रेलियात पीएलबीची नोंदणी मोफत होते, आणि मेलबर्न, सिडनी, पर्थकडच्या आपल्या मंडळींनी आउटबॅकला जाताना ते भाड्याने का होईना सोबत घ्यावं.

भारतात मात्र नियम वेगळे आहेत, ते नीट समजून घ्यावेत. सरकारी परवानगीशिवाय थुराया, इरिडियमसारखे सॅटेलाइट फोन बाळगणं इथे गुन्हा आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी गार्मिनची छोटी उपकरणं बॅगेत सापडली म्हणून परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. तेव्हा परदेशातून लडाखच्या सहलीसाठी येणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगावं. भारतही कोस्पास-सार्सातमध्ये आहे, त्याचं केंद्र बंगळुरूला इस्रोकडे आहे. पण उपकरण आणण्याआधी परवानगीचं पाहून घ्यावं. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड लागतं, आणि चांगथांगच्या पठारावर तेही कित्येक तास मुकं असतं.

तिथला धोका उन्हाचा नाही, उंचीचा आणि थंडीचा आहे. पंधरा हजार फुटांच्या वर हवा विरळ होते आणि विरळ हवेत आधी बिघडतो तो माणसाचा निर्णय. फुप्फुसांत पाणी साचू लागलं तर त्यावर खात्रीचा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. एकटा असलेला आजारी माणूस घाटातून गाडी खाली कशी नेणार? बर्फात अडकल्यावर उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपणंही जीवघेणं ठरू शकतं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. इंजिन थोडा वेळच चालवावं, त्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करावं, काच बोटभर उघडी ठेवावी.

पुण्या-मुंबईहून स्पिती-लडाखला, रणात, जैसलमेरपलीकडे एकट्याने गाडी घेऊन जाणारे तरुण-तरुणी वाढले आहेत. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. शक्य असेल तर दुसरी गाडी सोबत घ्या. नसेल तर निघण्याआधी एका कागदावर लिहा: गाडीचा नंबर आणि रंग, कोणता रस्ता, मुक्काम कुठे, पाणी किती, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. तो कागद अशा माणसाला द्या जो ‘असेल कुठेतरी, येईल’ असं म्हणत बसणार नाही. भारतात ११२, ऑस्ट्रेलियात ०००, हे नंबरही त्यावर लिहा. ठरवलेला रस्ता वाटेत बदलू नका. बदललाच तर आधी त्याला कळवा. आणि परतल्यावर पहिला फोन त्यालाच करा, म्हणजे नाहक शोध सुरू होणार नाही.